प्रथिनांच्या साखळीचा उपासक : प्रा. एमिल फिशर

ताटातील तुरीचे वरण, सकाळी घेतलेले दूध, सणासुदीला नेसलेले रेशमी वस्त्र आणि आपल्या मस्तकावरील केस या चार गोष्टींत समान असे काय आहे, असा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलाला विचारला, तर तो आज सहज उत्तर देईल : प्रथिने. ही प्रथिने अमिनो आम्लांच्या लांबच लांब साखळ्यांची बनलेली असतात, हेही तो पाठ्यपुस्तकाच्या आधारे सांगेल. ज्ञान एकदा पुस्तकात उतरले की ते सोपे वाटू लागते. ते मिळविण्यासाठी कोणी आपले आरोग्य वेचले, कोणी किती वर्षे प्रयोगशाळेच्या धुरात काढली, याची आठवण मात्र मागे राहत नाही. प्रथिनांतील अमिनो आम्ले एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे दाखवून देणारे आणि तशी जोडणी स्वतःच्या हातांनी करून पाहणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ प्रा. एमिल फिशर यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. त्यांचे मोठेपण त्यांनी लावलेल्या शोधांत आहेच. परंतु आपले काम कोठे थांबले हे स्वच्छपणे ओळखण्यातही ते तितकेच आहे.

व्यापाऱ्याचा मुलगा

एमिल फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीच्या ऱ्हाइन प्रांतातील ऑइस्किर्शेन या छोट्या गावी झाला. वडील लॉरेन्झ फिशर हे गावातील यशस्वी व्यापारी होते. घरात मुली बऱ्याच, मुलगा मात्र हा एकच. त्यामुळे आपला वाढलेला व्यापार या मुलाने सांभाळावा, अशी वडिलांची स्वाभाविक इच्छा होती. बॉन येथील शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी एमिलला लाकडाच्या व्यापारात उमेदवारीसाठी घातले. हिशेबाच्या वह्यांत या मुलाचे मन रमेना. काम सोडून तो कोपऱ्यात रसायने घेऊन बसे. या मुलाकडून व्यापार होणे नाही, तेव्हा त्याने शिकलेले बरे, असा निष्कर्ष वडिलांनी अखेर काढला. व्यवहारी मनुष्याने काहीशा निराशेने घेतलेला हा निर्णय पुढे विज्ञानाला मोठा लाभदायक ठरला. पुढे याच वडिलांनी मुलाला आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र केले, याचाही येथे कृतज्ञतेने उल्लेख करावयास हवा.

१८७१ साली फिशर बॉन विद्यापीठात दाखल झाले. बेंझीनच्या रेणूची वलयाकार रचना सुचविणारे ऑगस्ट केकुले तेथे शिकवीत होते. तरीही तरुण फिशर यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. चुलतभाऊ ऑटो फिशर यांच्या आग्रहामुळे ते दुसऱ्या वर्षी स्ट्रासबर्ग येथे गेले आणि तेथे त्यांना आडोल्फ फॉन बायर हे गुरू लाभले. बायर यांच्या हाताखाली रंगद्रव्यांवर संशोधन करून १८७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. रसायनशास्त्र सोडण्याचा विचार त्यानंतर त्यांच्या मनात पुन्हा आला नाही.

वरदान आणि विष

याच सुमारास प्रयोगशाळेत काहीशा योगायोगाने त्यांच्या हाती एक नवे संयुग लागले. त्याला फेनिलहायड्रॅझीन असे नाव मिळाले. पुढील वीस वर्षांतील त्यांच्या यशाची किल्ली या संयुगात होती आणि त्यांच्या पुढच्या आजारपणाचे मूळही त्यातच होते.

१८७५ मध्ये बायर म्युनिक येथे गेले, तेव्हा फिशरही गुरूंबरोबर तेथे गेले. १८७९ साली त्यांना म्युनिक विद्यापीठात विश्लेषण रसायनाचे साहाय्यक श्रेणीचे प्राध्यापकपद मिळाले. पुढे अर्लांगेन आणि १८८५ पासून व्युर्ट्सबर्ग या विद्यापीठांत ते पूर्ण प्राध्यापक झाले. अर्लांगेनमध्ये असताना, १८८३ च्या सुमारास, बाडीश अॅनिलिन उंड सोडा फाब्रिक या बलाढ्य रासायनिक कारखान्याने आपल्या संशोधन विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. विद्यापीठात मिळणाऱ्या वेतनाशी तुलनाच होऊ नये असे ते पद होते. फिशर यांनी नम्रपणे नकार दिला. स्वतःला हवा तो प्रश्न निवडण्याचे आणि विद्यार्थी घडविण्याचे स्वातंत्र्य त्यांना धनापेक्षा अधिक मोलाचे वाटले.

साखरेची संयुगे ही त्या काळातील रसायनशास्त्रज्ञांची डोकेदुखी होती. ती शुद्ध स्वरूपात स्फटिक होत नसत. चिकट पाकासारखी राहत. १८८४ साली फिशर यांना आढळले की फेनिलहायड्रॅझीनची क्रिया केली असता शर्करांपासून पिवळ्या रंगाचे सुरेख स्फटिक मिळतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ‘ओसाझोन परीक्षा’ करून सूक्ष्मदर्शकाखाली ते सुईसारखे स्फटिक पाहिलेले अनेक वाचक असतील. या एका साधनाच्या जोरावर त्यांनी १८९० मध्ये ग्लुकोजचे संश्लेषण केले आणि लगेच पुढच्या वर्षी त्या रेणूतील अणूंची अवकाशातील मांडणी तर्काने सिद्ध केली. ग्लुकोजसारख्या रेणूचे सोळा प्रकार संभवतात. उजवा आणि डावा हात जसे दिसायला सारखे, पण एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तसे हे प्रकार. त्यांपैकी निसर्गातील ग्लुकोज कोणता हे आधुनिक यंत्रांच्या साहाय्याशिवाय, रासायनिक क्रिया आणि शुद्ध युक्तिवाद यांच्या बळावर ठरविणे ही बुद्धीची विलक्षण झेप होती. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ग्लुकोजची जी उभी आकृती विद्यार्थी गिरवितात, तिला आजही फिशर प्रक्षेपण असेच म्हणतात.

याच काळात त्यांनी युरिक आम्ल, चहा-कॉफीतील कॅफीन आणि कोकोतील थिओब्रोमीन हे पदार्थ एकाच कुळातील आहेत हे दाखवून त्या कुळाला प्युरीन हे नाव दिले. शर्करा व प्युरीन यांवरील या कार्यासाठी १९०२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. रसायनशास्त्रातील हे दुसरेच नोबेल.

या कीर्तीची किंमत शरीराने मोजली. फेनिलहायड्रॅझीन हे विषारी द्रव्य आहे, याची पूर्ण जाणीव त्या काळी नव्हती. वर्षानुवर्षे त्याच्या वाफेत काम केल्यामुळे त्यांच्या त्वचेवर चट्टे उठले, पचन बिघडले आणि प्रकृती कायमची खालावली. घरातही दुःखाने प्रवेश केला. १८८८ मध्ये त्यांचा विवाह अर्लांगेनच्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांची कन्या अॅग्नेस गेर्लाख यांच्याशी झाला होता. तीन मुलगे झाले. परंतु अवघ्या सात वर्षांच्या सहजीवनानंतर, १८९५ साली, अॅग्नेस यांचे निधन झाले. फिशर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

बर्लिनची प्रयोगशाळा

१८९२ साली ऑगस्ट हॉफमान यांच्या निधनानंतर बर्लिन विद्यापीठातील रसायनशास्त्राचे आसन फिशर यांच्याकडे आले. जर्मनीत रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला यापेक्षा मोठा मान नव्हता. जुनी प्रयोगशाळा अपुरी आणि कोंदट होती. नवी इमारत बांधून मिळावी, ही त्यांची पहिल्यापासूनची मागणी. सरकारी दिरंगाई तेथेही होतीच. अखेर १९०० साली हेसिशे रस्त्यावरील प्रशस्त संस्था उभी राहिली. विषारी वायूंचे दुष्परिणाम स्वतः भोगलेल्या या प्राध्यापकाने हवा खेळती राहण्याच्या व्यवस्थेकडे विशेष लक्ष दिले.

देशोदेशींचे तरुण तेथे येऊ लागले. शिक्षक म्हणून फिशर कठोर होते. अर्धवट शुद्ध केलेला पदार्थ, घाईने काढलेला निष्कर्ष त्यांना खपत नसे. परंतु आपली समजूत बदलण्याची तयारीही त्यांच्याकडे होती. याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९०७ साली लीझ माइट्नर ही तरुण भौतिकशास्त्रज्ञ व्हिएन्नाहून बर्लिनला आली आणि फिशर यांच्या संस्थेत असलेल्या ऑटो हान यांच्याबरोबर काम करू इच्छित होती. प्रयोगशाळेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. फिशर यांनी तिला तळघराजवळच्या एका जुन्या सुतारखान्यात काम करण्याची अनुमती दिली; पण विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचे नाही, अशी अट घातली. आज ही अट अन्यायाचीच वाटेल आणि ती तशी होतीही. पुढे प्रशियात स्त्रियांना विद्यापीठांचे दरवाजे अधिकृतपणे उघडले, तेव्हा फिशर यांनी ती अट काढून टाकली आणि त्यानंतर माइट्नर यांच्या कार्याला मनापासून साहाय्य केले. अणुविभाजनाचा उलगडा करणाऱ्यांत पुढे याच माइट्नर आणि हान यांची नावे घेतली गेली.

प्रथिनांच्या दारी

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, साखरेच्या आणि प्युरीनच्या क्षेत्रात कोणी प्रतिस्पर्धी उरला नसताना, फिशर यांनी हातातले यशस्वी विषय बाजूला ठेवले आणि १८९९ पासून प्रथिनांकडे मोर्चा वळविला. हा निर्णय धाडसाचा होता. प्रथिने म्हणजे चिकट, सहज नासणारी, न स्फटिकणारी द्रव्ये. त्यांच्या नादी लागून कीर्ती गमावण्याचाच संभव अधिक, असे अनेकांचे मत होते.

प्रथिन आम्लाबरोबर उकळले की त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्ले मिळतात, हे पूर्वीच ठाऊक होते. परंतु ती सारी एकमेकांत मिसळलेली असत आणि वेगळी करणे जिकिरीचे होते. फिशर यांनी येथे एक साधा पण परिणामकारक उपाय योजला. अमिनो आम्लांवर मद्यार्काची क्रिया करून त्यांचे एस्टर बनवायचे. मूळ अमिनो आम्ले तापविली की जळून जातात. त्यांचे एस्टर मात्र कमी दाबाखाली न बिघडता उकळतात. त्यामुळे ऊर्ध्वपातनाने त्यांना एकामागून एक वेगळे करता येऊ लागले. द्रव्याला थोडे बदलायचे, बदललेल्या रूपात त्याला हाताळायचे आणि काम झाल्यावर मूळ रूपात परत आणायचे, हे प्रथिन रसायनाचे सूत्र येथे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

या पद्धतीने त्यांनी दुधातील केसीन, रेशीम, जिलेटीन अशा अनेक प्रथिनांचे घटक तपासले. १९०१ साली केसीनमधून त्यांना प्रोलीन हे वलयाकार रचनेचे अमिनो आम्ल मिळाले आणि १९०२ मध्ये जिलेटीनमधून त्याचेच एक भावंड, हायड्रॉक्सिप्रोलीन. या दुसऱ्या पदार्थाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

घटक कळले, तरी ते जोडलेले कसे आहेत हा खरा प्रश्न उरला. सप्टेंबर १९०२ मध्ये कार्ल्सबाड येथे भरलेल्या जर्मन निसर्गवैज्ञानिकांच्या संमेलनात एक विलक्षण योग जुळून आला. स्ट्रासबर्गचे फ्रान्झ हॉफमाइस्टर आणि बर्लिनचे फिशर या दोघांनी एकमेकांशी विचारविनिमय न करता एकाच दिवशी एकच सिद्धांत मांडला : एका अमिनो आम्लाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी पाण्याचा एक रेणू बाहेर टाकून जोडला जातो आणि अशी जोडणी पुनःपुन्हा होऊन प्रथिन बनते. या जोडणीने बनलेल्या संयुगांना फिशर यांनी पेप्टाइड हे नाव दिले. सिद्धांताचे श्रेय त्या दोघांचे. परंतु तो प्रत्यक्ष संश्लेषणाने पटविण्याचा भार फिशर यांनी उचलला.

मणी ओवण्याचे काम

अमिनो आम्ले जोडणे हे मण्यांची माळ ओवण्यासारखे आहे, असे वरवर वाटते. अडचण अशी की यातील प्रत्येक मण्याला दोन्ही टोकांना आकडे असतात. दोन मणी एकत्र ठेवले की ते हव्या त्या क्रमाने न जुळता भलत्याच रीतीने गुंततात. कधी दोघे मिळून बंद कडेच तयार होते. फिशर यांनी या दोषालाच उपयोगी करून घेतले. ग्लायसीनच्या दोन रेणूंचे असे एक बंद कडे त्यांनी आम्लाने एका जागी उघडले आणि १९०१ साली, एर्नेस्ट फुर्नो या सहकाऱ्यासह, ग्लायसिल-ग्लायसीन हे द्विपेप्टाइड मिळविले. माळेचे पहिले दोन मणी ओवले गेले.

पुढची युक्ती याहून कुशल होती. साखळीच्या टोकाला थेट अमिनो आम्ल न जोडता, जेथे अमिनो गट हवा तेथे ब्रोमीनचा अणू असलेले संयुग त्यांनी जोडले आणि नंतर अमोनियाच्या साहाय्याने त्या ब्रोमीनच्या जागी अमिनो गट आणून बसविला. अशा रीतीने साखळी एकेका पायरीने वाढत गेली. सुमारे शंभर निरनिराळी पेप्टाइडे त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. १९०७ साली या प्रयत्नांचा कळस झाला : ग्लायसीनचे पंधरा आणि ल्युसीनचे तीन रेणू असलेली अठरा मण्यांची साखळी. तिचा रेणुभार बाराशेच्या पुढे होता. त्या काळी निश्चित रचना ठाऊक असलेले एवढे मोठे संयुग मानवी हातांनी क्वचितच घडविले होते.

या पेप्टाइडांचे गुण प्रथिनांशी जुळत. काही पेप्टाइडांचे स्वादुपिंडाच्या पाचकरसाने विघटन होई, तर उलट्या हाताच्या अमिनो आम्लांपासून बनविलेल्या पेप्टाइडांना तो रस शिवतही नसे. विकर आणि त्याचे द्रव्य यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते, अशी उपमा फिशर यांनी १८९४ मध्ये शर्करांचा अभ्यास करताना दिली होती. प्रथिनांच्या क्षेत्रातही तिचा पडताळा आला.

वृत्तपत्रांना या बातम्यांनी भुरळ घातली. आता कारखान्यात कृत्रिम अन्न तयार होणार, अशी वर्णने छापून आली. फिशर यांना या गाजावाजाचा मनस्ताप झाला. अठरा मण्यांची ही साखळी निसर्गात सापडली असती तर तिची गणना प्रथिनांतच झाली असती, असे त्यांचे मत जरूर होते. परंतु निसर्गातील एखादे ठरावीक प्रथिन आपण घडविले आहे, असा दावा त्यांनी कधीही केला नाही. जोडणीची रीत योग्य आहे एवढे सिद्ध झाले. मण्यांचा खरा क्रम अद्याप अज्ञात आहे, ही सीमारेषा त्यांनी स्पष्ट राखली.

जेथे हात थांबले

फिशर यांच्या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती आणि ती त्यांना स्वतःलाच सर्वांत आधी जाणवली. जोडणी करताना अमिनो आम्लाचे एक टोक तात्पुरते झाकून ठेवता आले आणि काम झाल्यावर ते झाकण अलगद काढता आले, तर कोणतीही साखळी हव्या त्या क्रमाने ओवता येईल. असे झाकण त्यांनी बसवूनही पाहिले. परंतु ते काढू जाता साखळीच तुटू लागे. ब्रोमीनची युक्ती त्यावरचा पर्याय होती, पण सर्व अमिनो आम्लांना ती लागू पडत नव्हती. द्रव्ये महाग, कष्ट अपार आणि पुढची वाट बंद. १९०८ नंतर त्यांनी प्रथिनांचे काम कमी केले आणि वनस्पतींतील टॅनिनांच्या संशोधनात लक्ष घातले.

एका बाबतीत त्यांचा अंदाज चुकलाही. प्रथिनांचे रेणू फार प्रचंड नसावेत, तीस-चाळीस अमिनो आम्लांपलीकडे ते जात नसावेत, असे त्यांना वाटे. त्यांच्या अधिकारामुळे हे मत अनेक वर्षे प्रमाण मानले गेले. पुढे हर्मान श्टाउडिंगर आणि थेओडोर स्वेडबर्ग यांच्या संशोधनाने प्रथिनांचे रेणू हजारो नव्हे, तर लक्षावधी रेणुभारापर्यंत जाऊ शकतात हे सिद्ध झाले. थोर पुरुषांच्या चुकाही थोर असतात आणि त्या दुरुस्त व्हायला वेळ लागतो, हा धडा विज्ञानाच्या इतिहासात वारंवार मिळतो.

आता त्या हायड्रॉक्सिप्रोलीनकडे वळू. फिशर यांनी ते जिलेटीनमधून वेगळे काढले, तेव्हा ते इतरांसारखेच एक अमिनो आम्ल म्हणून यादीत नोंदले गेले. जवळजवळ अर्धशतकानंतर, १९४९ साली, अमेरिकेतील स्टेटन यांनी उंदरांना आहारातून हायड्रॉक्सिप्रोलीन देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या शरीराने ते साखळीत वापरलेच नाही, असे आढळले. मग ते येते कोठून? शरीर आधी साध्या प्रोलीनची साखळी ओवते आणि ओवून झाल्यावर विकरांच्या साहाय्याने त्यातील काही मण्यांवर ऑक्सिजनची जोड देते, हे त्यानंतरच्या संशोधनातून उलगडले. साखळी बनल्यानंतर तिच्यावर होणाऱ्या अशा संस्कारांना आज प्रथिनांतील रूपांतरे म्हणून ओळखले जाते आणि ती जीवशास्त्राची एक विशाल शाखा झाली आहे. या विशिष्ट संस्काराला क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही तर कातडी, हाडे व हिरड्या यांना बळ देणारे कोलॅजेन हे प्रथिन सैल पडते आणि स्कर्व्ही हा रोग होतो. आवळ्यासारख्या फळांच्या गुणांमागील एक कारण असे रेणूंच्या पातळीवर कळून आले. याच कोलॅजेनची तीन पदरांची पिळदार रचना १९५४-५५ साली मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली, हे आपल्याला अभिमानाने सांगता येते. बर्लिनमधील एका परीक्षानळीत १९०२ साली दिसलेल्या स्फटिकांचा धागा असा भारतापर्यंत येऊन पोहोचतो.

अखेरची वर्षे

१९११ साली जर्मनीत संशोधनाला वाहिलेल्या कैसर विल्हेल्म संस्थेची स्थापना झाली. तिच्या उभारणीत फिशर यांचा मोठा वाटा होता. विद्यापीठातील अध्यापनाच्या व्यापातून मुक्त असे संशोधक राष्ट्राला हवेत, हा विचार त्यांनी सातत्याने मांडला. पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले. युद्धाच्या आरंभी जर्मनीच्या भूमिकेचे समर्थन करणाऱ्या त्र्याण्णव विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांनी स्वाक्षरी केली होती. देशप्रेमाच्या भरात अनेक थोर वैज्ञानिकांच्या हातून झालेली ही चूक त्यांच्याही नावावर आहे; ती झाकण्याचे कारण नाही. नंतरची वर्षे स्फोटकांसाठी व खतांसाठी लागणारी द्रव्ये, अन्नधान्याची टंचाई अशा प्रश्नांवरील समित्यांत गेली. युद्धाच्या काळात तीनपैकी दोन मुलगे त्यांना गमवावे लागले. ज्या विज्ञानासाठी देह झिजविला, त्याच विज्ञानाचा उपयोग संहारासाठी होताना पाहावे लागले.

युद्ध संपले तेव्हा देश पराभूत, प्रयोगशाळा ओस आणि शरीर आजाराने पोखरलेले होते. कर्करोगाचे निदान झाल्यानंतर, १५ जुलै १९१९ रोजी, बर्लिन येथे त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. वय सहासष्ट वर्षांचे. तरुण रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्यासाठी आपल्या संपत्तीतील मोठा वाटा त्यांनी ठेवला होता.

शिष्यांनी पुढे नेलेली माळ

फिशर यांच्या हातून जी गाठ सुटली नाही, ती त्यांच्या शिष्याने सोडविली. मॅक्स बेर्गमान हे बर्लिनमधील त्यांचे शेवटच्या काळातील निकटचे सहकारी. ड्रेस्डेन येथे १९३२ साली बेर्गमान आणि लेओनिडास झेर्व्हास यांना अमिनो गटाचे ते झाकण सापडले. बसविले की घट्ट राही आणि हायड्रोजनच्या सौम्य क्रियेने साखळीला धक्का न लागता निघून जाई. गुरूंनी तीस वर्षांपूर्वी जेथे रेघ ओढून ठेवली होती, नेमक्या त्याच ठिकाणाहून शिष्याने पुढचे पाऊल टाकले. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू असल्यामुळे बेर्गमान यांना देश सोडून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आश्रय घ्यावा लागला. तेथे त्यांच्या हाताखाली तयार झालेले स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन हे प्रथिनांतील अमिनो आम्लांच्या विश्लेषणाचे आचार्य ठरले व १९७२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

माळेचा खरा क्रम कळण्याचा दिवसही आला. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलीन या प्रथिनातील साखळीच्या टोकावर एक रंगीत रासायनिक खूण बसवून, तुकडे जुळवीत, १९५५ पर्यंत त्याचा संपूर्ण क्रम वाचून काढला. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांचे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक जसेच्या तसे घडविले. १९६३ साली याच रॉकफेलर संस्थेत ब्रूस मेरिफिल्ड यांनी घन आधारावर साखळी ओवण्याची अशी पद्धत शोधली की फिशर यांच्या प्रयोगशाळेला ज्या कामासाठी वर्षे लागत, ते काही दिवसांत होऊ लागले. मधुमेह, कर्करोग अशा विकारांवरील पेप्टाइड औषधे आज या मार्गाने बनतात. यांतील प्रत्येक औषधाच्या गाभ्याशी तोच बंध आहे, जो फिशर यांनी १९०१ साली ग्लायसीनच्या दोन रेणूंमध्ये सिद्ध करून दाखविला होता.

त्यांचा हयात राहिलेला मुलगा हर्मान फिशर हाही रसायनशास्त्रज्ञ झाला आणि अमेरिकेत बर्कली येथे प्राध्यापक म्हणून नावाजला गेला. वडिलांचा ग्रंथसंग्रह त्याने आपल्याबरोबर तेथे नेला. व्यापार सांभाळण्यासाठी जन्मलेल्या मुलाची खरी मिळकत अशी पुढच्या पिढीच्या स्वाधीन झाली.

धन मोजता येते, इमारती दाखविता येतात. ज्ञानदानाचे मोजमाप मात्र शिष्यांच्या कामावरूनच करावे लागते. जे साधले ते निर्मळपणे मांडावे, जे साधले नाही ते प्रांजळपणे सांगावे आणि पुढच्याला नेमके कोठून चालावयाचे हे कळेल अशी वाट मोकळी ठेवावी, हा प्रा. एमिल फिशर यांच्या जीवनाचा बोध आहे. प्रयोगशाळेत असो, व्यवहारात असो वा समाजकार्यात, हाती घेतलेले काम आपल्या एका आयुष्यात पुरे होईलच असे नाही. ते शुद्ध हातांनी पुढच्या हातांत देता यावे, एवढे पुरेसे आहे. प्रथिनांच्या साखळीतील पहिले मणी ओवणाऱ्या या थोर अध्यापकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.